पहिली प्रॅक्टिकल पिस्तूल मॅच: नोंदणीपासून निकालापर्यंत

प्रॅक्टिकल पिस्तूल मॅच बाहेरून बघणाऱ्याला निव्वळ गोंधळ वाटते. नेमबाज पळतो, भिंतीच्या आडून मारतो, पळता पळता मॅगझिन बदलतो, आणि टायमर घेतलेला रेंज ऑफिसर हातभर अंतरावरून त्याच्या मागे चालत असतो. प्रत्यक्षात इथली जवळजवळ प्रत्येक हालचाल नियमात बांधलेली आहे. पहिल्यांदा उतरणाऱ्याची फजिती नेम चुकल्यामुळे क्वचित होते. कुठल्या क्षणी काय करायचं आणि काय करायचं नाही हे माहीत नसल्यामुळे जास्त होते. म्हणून गोष्टी ज्या क्रमाने समोर येतात, त्याच क्रमाने इथे मांडल्या आहेत.

आयपीएससी, म्हणजे इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन, ही या खेळाची जागतिक संघटना. १९७६ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या कोलंबिया इथे ती स्थापन झाली आणि अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, ताकद आणि वेग या तिन्हींचा मेळ घालायचा हे तेव्हापासूनचं सूत्र. आजची गुणपद्धतीही तेच करते. टार्गेटवर गोळी कुठे लागली त्याचे गुण, काडतूस किती जोरकस आहे त्यावरून त्या गुणांत फरक, आणि एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. जो भागाकार येतो तो हिट फॅक्टर.

कागदपत्रं, कोर्स, नोंदणी

मॅचच्या निदान चार महिने आधी कामाला लागावं. नेमबाजीला एवढा वेळ लागतो म्हणून नव्हे, कागदांना लागतो म्हणून. पिस्तुलाचा परवाना आणि ते रेंजपर्यंत नेण्याची परवानगी ज्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे. ती हातात नसेल तर पुढचं काहीच सुरू होत नाही. मग आयपीएससीशी संलग्न क्लबचं सदस्यत्व, आपल्या रीजनचं (आयपीएससीच्या देशपातळीवरच्या शाखेचं) सदस्यत्व, आणि बहुतेक ठिकाणी सक्तीचा असलेला सुरक्षा कोर्स.

कोर्समध्ये साधारणपणे आधी नियमांची परीक्षा असते आणि मग प्रत्यक्ष काम: होल्स्टरमधून पिस्तूल काढणं, चालता चालता मॅगझिन बदलणं, पिस्तूल अडकलं तर सोडवणं, रिकामं करून दाखवणं. परीक्षकाचं लक्ष टार्गेटवर फारसं नसतं. तो नळीचं तोंड आणि चापावरचं बोट बघत असतो. नियमपुस्तिका आयपीएससीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. सगळी पाठ करायची गरज नाही, पण आठवा, नववा आणि दहावा अध्याय, म्हणजे स्टेजवरचं (मॅचमधल्या एकेका आखलेल्या फेरीतलं) वर्तन, गुण आणि दंड, हे दोनदा वाचून काढा. इथे वाचलेली ओळ न वाचलेल्या ओळीपेक्षा फार स्वस्त पडते.

कोर्सच्या तारखा मोजक्या आणि जागा थोड्या. एक तारीख हुकली की पुढच्या तारखेची वाट बघत बसावं लागतं. प्रमाणपत्र आणि सदस्य क्रमांक हाती यायलाही वेळ जातो, आणि नोंदणीच्या फॉर्ममध्ये तो क्रमांक मागतात. कोर्स संपला त्याच दिवशी पुढचा अर्ज देऊन टाकावा.

मॅचच्या पाच पातळ्या आहेत. पहिली क्लबच्या मैदानावरची, चौथी खंडाची, पाचवी म्हणजे वर्ल्ड शूट, जागतिक स्पर्धा. २०२२ ची वर्ल्ड शूट थायलंडमध्ये पट्टायाला झाली. सुरुवात अर्थातच पहिल्या पातळीपासून. फॉर्ममध्ये डिव्हिजन (पिस्तुलाच्या प्रकाराचा गट), पॉवर फॅक्टर (काडतुसाचा जोर), कॅटेगरी (वय किंवा लिंगानुसार गट) आणि स्क्वॉड निवडायचा असतो. स्क्वॉड म्हणजे दिवसभर ज्यांच्यासोबत एकेक स्टेज खेळत जायचं तो गट. अनुभवी माणसं असलेला स्क्वॉड घ्या आणि पहिलीच मॅच असल्याचं शेऱ्याच्या रकान्यात लिहा. अशा नवख्याला पहिल्या स्टेजवर सगळ्यात आधी उभं करायचं नाही, एवढं बहुतेक ठिकाणी पाळलं जातं. पैसे भरेपर्यंत जागा पक्की धरू नये. यादी भरली असेल तर प्रतीक्षा यादीत नाव घाला, कारण शेवटच्या आठवड्यात गळती होतेच. नाव मागे घेतल्यास शुल्क कुठल्या तारखेपर्यंत परत मिळतं हेही तेव्हाच बघून ठेवावं.

जिथे पिस्तुलाचा परवाना मिळणं अवघड आहे तिथे ॲक्शन एअर हा आयपीएससीचाच प्रकार आहे. ६ मिमीच्या प्लास्टिकच्या छऱ्यांवर चालणारी एअरसॉफ्ट पिस्तुलं, पण आज्ञा, हालचाल आणि सुरक्षेची शिस्त तीच. शिकायला उत्तम, आणि खर्च कितीतरी कमी.

डिव्हिजन आणि सामान

ओपन, स्टँडर्ड, क्लासिक, रिव्हॉल्व्हर, प्रॉडक्शन, प्रॉडक्शन ऑप्टिक्स: डिव्हिजन बरेच आहेत. पहिल्या मॅचला प्रॉडक्शन घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारखान्यातून आलं तसं ९ मिमी पिस्तूल चालतं, ते आयपीएससीच्या मान्य यादीत असलं की झालं. सगळ्यांचे गुण मायनरनेच, म्हणजे कमी जोराच्या काडतुसांच्या तक्त्यानेच, मोजले जातात, त्यामुळे जोरदार काडतुसांच्या मागे लागायचं कारण उरत नाही. सुरुवातीच्या संकेताच्या वेळी मॅगझिनमध्ये जास्तीत जास्त १५ काडतुसं. चापाचा दाब पहिल्या बारासाठी किमान २.२७ किलो, नाहीतर प्रत्येक बारासाठी किमान १.३६ किलो हवा. चाप हलका करून घेतलेलं वापरलेलं पिस्तूल विकत घेणाऱ्यांनी हा आकडा वजन लावून तपासावा. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये.

होल्स्टर कडक प्लास्टिकचं, चापाचा भाग पूर्ण झाकणारं. प्रॉडक्शनमध्ये पिस्तूल आणि मॅगझिनचे पाऊच दोन्ही कमरेच्या हाडाच्या मागे असावे लागतात, आणि शरीरापासून ५० मिमीपेक्षा लांब नसावेत. बारीक बांध्याच्या माणसाला इथेच अडचण येते: पट्टा सैल, पाऊच बाहेर झुकलेला, आणि तपासणीच्या टेबलावर मोजपट्टी जास्त दाखवते. आतला पट्टा पँटच्या लूपमधून आणि त्यावर वेलक्रोने चिकटणारा बाहेरचा कडक पट्टा, अशी जोडी घेतली की सामान हलत नाही. पहिल्या स्टेजला ते जिथे लावलं तिथेच मॅच संपेपर्यंत राहायला हवं.

मॅगझिन किती? ३२ बारांच्या लाँग स्टेजला हिशोबाने तीन पुरतात, पण असा हिशोब मैदानावर टिकत नाही. लोखंडी टार्गेटवर दोन-चार जास्तीच्या गोळ्या जातात, आणि पिस्तूल रिकामं होईपर्यंत थांबायचं नसतं. पट्ट्यावर चार, पिस्तुलात एक, असे पाच ठेवा. प्रत्येकावर रंगाने नंबर टाका. एखादं मॅगझिन वारंवार अडखळत असेल तर ते कोणतं हे त्याशिवाय कळत नाही, आणि कळलं की ते फक्त सरावाला ठेवायचं.

डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण सक्तीचं. वाकून खालच्या फटीतून मारताना इअरमफ भिंतीला घासून सरकतात, म्हणून आत फोमचे बोळे घालून वरून मफ लावणारे बरेच असतात.

काडतुसांचा हिशोब

शॉर्ट स्टेज जास्तीत जास्त १२ बारांची, मीडियम २४, लाँग ३२. तीन शॉर्ट, दोन मीडियम, एक लाँग हे शिफारस केलेलं प्रमाण. अशा सहा स्टेजच्या मॅचला सगळं नेमकं लागलं तरी ११६ काडतुसं हवीत. चुका, रिशूट (स्टेज पुन्हा खेळणं) आणि तपासणीसाठी दीडपट धरा, म्हणजे १७५ ते १८०. सगळी एकाच लॉटची असू द्या.

पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले १०००. मायनरला किमान १२५ लागतात. १२४ ग्रेनची गोळी १०५० च्या वेगाने गेली तर १३०.२, म्हणजे निर्धास्त. ११५ ग्रेनची ११०० ने गेली तर १२६.५, म्हणजे कागदावर उत्तीर्ण. पण आखूड नळीतून वेग कमी पडतो, एकाच खोक्यातल्या काडतुसांतही वेगाचा फरक असतो, आणि मॅचचं क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) तुमच्या क्लबच्या यंत्राशी तंतोतंत जुळेलच असं नाही. १३० च्या आसपास राहिलेलं बरं. खोक्यावर छापलेला वेग हा चाचणीच्या नळीतला असतो. आपल्या पिस्तुलातला स्वतः मोजल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

मोठ्या मॅचमध्ये अधिकारी तुमच्याकडून आठ काडतुसं घेतात, एकातली गोळी काढून वजन करतात आणि तीन झाडून वेगाची सरासरी काढतात. मायनरची मर्यादाही गाठली नाही तर मॅच खेळता येते, पण गुण धरले जात नाहीत. पहिल्या पातळीवर क्रोनोग्राफ बहुतेकदा नसतो, तरी सवय आतापासून लावावी.

स्वतः भरलेली काडतुसं वापरणाऱ्यांनी मॅचची प्रत्येक गोळी केस गेजमध्ये (काडतुसाचं माप तपासायच्या साच्यात) टाकून बघावी. तळाशी फुगलेलं एक कवच चेंबरमध्ये निम्मं जाऊन रुततं, आणि ते काढण्यात पूर्ण स्टेज जाते.

सराव

मॅचआधीच्या आठवड्यांत गोळ्या झाडण्यापेक्षा कोरडा सराव जास्त कामाचा. त्याच्या अटी कडक आहेत: त्या खोलीत एकही काडतूस नको, पिस्तूल आणि मॅगझिन दोनदा तपासायचे, आणि समोरची भिंत गोळी अडवेल अशी. मग टायमर लावून होल्स्टरमधून काढणं, मॅगझिन बदलणं, दोन पावलं टाकून थांबताना पिस्तूल आधीच डोळ्यासमोर आणणं. दिवसाला पंधरा मिनिटं पुरतात.

रेंजवर मिळणारा वेळ दोन गोष्टींना द्या. २५ मीटरवरून पिस्तूल नेमकं कुठे मारतं ते पक्कं करणं, आणि एका हाताने मारणं, दोन्ही हातांनी आळीपाळीने. नवखे नेमबाज सात मीटरवर वेगाचा सराव करत बसतात आणि मॅचमध्ये लांबचं अर्धं झाकलेलं टार्गेट आलं की गडबडतात.

मॅचची सकाळ

पिस्तूल रिकामं, बॅगेत, मॅगझिन न घातलेलं, असंच रेंजवर यायचं. गाडीतून उतरल्यावर होल्स्टरमध्ये घालावंसं वाटतं. तसं करायचं नाही. त्यासाठी सेफ्टी एरिया असतो: टेबल, समोर मातीचा बांध, आणि तसा फलक. तिथे पिस्तूल बॅगेतून काढा, होल्स्टरमध्ये घाला, रिकामं चालवून बघा. पण तिथे काडतूस हाताळायला सक्त मनाई आहे. खोटं काडतूसही नाही, भरलेलं मॅगझिनही नाही. नियम साधा आहे: पिस्तूल हाताळायचं तर सेफ्टी एरियात, काडतुसं हाताळायची तर त्याच्या बाहेर कुठेही. या दोन्हींची गाठ फक्त रेंज ऑफिसरच्या आज्ञेनंतर स्टेजवर पडते. मॅगझिन भरायला बाहेरचा कुठलाही कोपरा चालतो.

नोंदणीच्या टेबलावर ओळखपत्र, परवाना, सदस्य क्रमांक दाखवायचा, सामान तपासून घ्यायचं आणि स्क्वॉडचा क्रम बघायचा.

स्टेजवर

स्टेजला पोहोचल्यावर रेंज ऑफिसर लेखी सूचना जशाच्या तशा वाचून दाखवतो: सुरुवातीची स्थिती, पिस्तूल होल्स्टरमध्ये की टेबलावर, भरलेलं की रिकामं, किती टार्गेट, किती बार. शंका असेल तर इथेच विचारा. प्रत्येक कागदी टार्गेटवरचे सर्वोत्तम दोन बार धरतात, लोखंडी टार्गेट पडलं पाहिजे. नंतर स्क्वॉडला स्टेज फिरून बघायला काही मिनिटं मिळतात, साधारण तीन ते पाच. पिस्तूल काढायचं नाही, आणि पिस्तुलासारखी दिसणारी वस्तू हातात धरून नेम बघायचाही नाही. रिकामे हात मात्र चालतात, आणि सगळे जण तसेच हवेत बोट रोखून फिरत असतात.

ही मिनिटं मॅचमधली सगळ्यात मोलाची. आधी टार्गेट मोजा आणि आकडा लेखी सूचनेशी जुळवा. जुळला नाही तर एखादं टार्गेट अजून दिसलेलं नाही. भिंतीमागचं, फक्त एका फटीतून दिसणारं टार्गेट विसरलं तर दोन मिस आणि त्यावर टार्गेटवर गोळीच न झाडल्याचा एक दंड, असे उणे ३० होतात, शिवाय न मिळालेले १० गुण. मग कुठून काय दिसतं ते ठरवा, आणि पाय नेमका कुठे ठेवायचा त्यासाठी जमिनीवरची खूण शोधा, एखादा दगड किंवा फळीचा सांधा. मॅगझिन बदलायचं ते चालताना. तीन पावलांहून लांब प्रत्येक चालीत मॅगझिन बदला, आतल्या गोळ्या वाया गेल्या तरी जाऊ द्या. उभं राहून बदलण्यात जाणारे दोन-तीन सेकंद परत मिळत नाहीत. एक बेत ठरला की तोच. शेजारच्याचा जास्त हुशार वाटणारा बेत शेवटच्या मिनिटाला उचलणं महागात पडतं.

तुमचा क्रमांक आला की आज्ञा इंग्रजीतच आणि ठरलेल्या शब्दांत येतात. "लोड अँड मेक रेडी": आता पिस्तूल काढून मॅगझिन घाला, चेंबर भरा. हॅमर (मागचा घोडा) असलेल्या प्रॉडक्शन पिस्तुलात तो खाली उतरवावा लागतो. डिकॉकर (घोडा उतरवायची कळ) नसेल तर चाप दाबून अंगठ्याने सावकाश उतरवायचा. इथे अंगठा निसटून बार सुटला तर मॅच एकही गुण न घेता संपते, म्हणून नळी पुढच्या बांधाकडे आणि अजिबात घाई नको. घरी हीच हालचाल रिकाम्या पिस्तुलावर शेकडो वेळा झालेली असावी. मग होल्स्टर, सांगितलेली स्थिती, एक लांब श्वास. "आर यू रेडी", "स्टँडबाय", आणि एक ते चार सेकंदांत बीप.

पहिल्यांदा खेळणाऱ्याचा बीपनंतर सगळ्यात जास्त वेळ जातो तो पाहत राहण्यात: गोळी लागली का हे बघायला पिस्तुलावरून मान वर काढणं. कागदावरची छिद्रं लांबून नीट दिसतही नाहीत. बार सुटला त्या क्षणी समोरची माशी (नळीच्या टोकावरची नेमखूण) कुठे होती त्यावरूनच ठरवायचं, आणि शंका असेल तर तिसरी गोळी मारून पुढे जायचं. त्यामागे साधं गणित आहे. कागदी टार्गेटवर मायनरमध्ये मधल्या ए झोनला ५, सीला ३, डीला १. मिस म्हणजे मिळायचे ५ गेले आणि वर १० वजा, एकूण १५ गुणांचा फटका. तुमचा हिट फॅक्टर ३ असेल तर एक सेकंद ३ गुणांचा, म्हणून मिस ५ सेकंदांना पडतो आणि तिसरी गोळी अर्ध्या सेकंदाला. सीचा ए करण्यात मात्र फक्त २ गुण मिळतात. त्यासाठी पाऊण सेकंद थांबलात तर तोटाच.

पांढरं टार्गेट म्हणजे नो-शूट. त्यावर लागलेल्या गोळीला १० वजा. मागच्या टार्गेटचा कोपरा त्यातून डोकावत असेल तर नेम उघड्या भागाच्या मध्यावर धरा, पूर्ण टार्गेटच्या मध्यावर नव्हे. घाईत डोळा आपोआप पूर्ण आकृतीचा मध्य शोधतो, आणि बहुतेक नो-शूट असेच लागतात.

पॉपरला, म्हणजे गोळी लागली की पडणाऱ्या उभ्या लोखंडी टार्गेटला, गोळी लागून आवाज झाला, पण तो पडला नाही, तर दोन मार्ग. पडेपर्यंत मारा आणि विषय संपवा. किंवा उभा सोडून पुढे जा आणि शेवटी कॅलिब्रेशन मागा. मग अधिकारी मायनरच्या किमान मर्यादेइतक्या किंवा तिच्याहून किंचित कमी ताकदीच्या काडतुसाने तपासतात. पॉपर व्यवस्थित पडला तर तुमचा मिस, न पडला तर रिशूट. नवख्याने सरळ दुसरी गोळी मारावी. लोखंडी प्लेटचं वेगळं: लागूनही ती पडली नाही तर ते मैदानाच्या साहित्यातला दोष धरतात आणि रिशूट देतात. लोखंडी टार्गेटवर ७ मीटरच्या आतून मारायचं नाही, आणि सीमारेषा ओलांडून तसं केलं तर थेट अपात्रता.

पिस्तूल अडकलं तर बोट चापाबाहेर, नळी पुढे, मॅगझिनच्या तळाला थाप, स्लाइड मागे खेचून सोडा. तरी सुटलं नाही तर मॅगझिन काढून टाका आणि नवं घाला. खाली डोकावून पिस्तुलात बघताना नळी बाजूला वळते, नवख्यांचा हाच घोटाळा. दोन मिनिटांत सुटलं नाही तर थांबावं लागतं, आणि पिस्तूल किंवा काडतूस बिघडलं म्हणून रिशूट मिळत नाही.

संपल्यावर "इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर". मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, स्लाइड मागे धरून दाखवा. उडालेलं काडतूस झेलू नका, जमिनीवर पडू द्या. झेलायच्या नादात हात नळीसमोर येतो किंवा नळी वळते. मग "इफ क्लिअर, हॅमर डाउन, होल्स्टर": नळी बांधाकडे ठेवून चाप दाबायचा आणि पिस्तूल परत जागेवर. "रेंज इज क्लिअर" ऐकू येईपर्यंत कुणी पुढे जायचं नाही.

मग रेंज ऑफिसर प्रत्येक टार्गेटचे गुण पुकारतो: टू आल्फा, आल्फा चार्ली, आल्फा माइक (आल्फा म्हणजे ए, चार्ली म्हणजे सी, माइक म्हणजे मिस). त्याच्यासोबत फिरा, पण टार्गेटला हात लावू नका. पटलं नाही तर छिद्रावर पट्टी चिकटवण्याआधी, तिथल्या तिथे सांगा. मुख्य रेंज ऑफिसर आणि मग रेंज मास्टर येऊन पारदर्शक मापाने तपासतात. छिद्र वरच्या झोनच्या रेषेला टेकलं असेल तर वरचे गुण मिळतात. एकदा पट्टी चिकटली की वाद संपला. टॅब्लेटवर किंवा कागदावर सही करण्याआधी बार आणि वेळ दोन्ही वाचा.

त्यानंतर तुमची पाळी संपली, पण काम नाही. प्रत्येकाच्या मागून टार्गेटला पट्ट्या लावणं आणि लोखंडी टार्गेट उभी करणं स्क्वॉडचं काम आहे. यातून सूट दोघांनाच, पुढचा नेमबाज आणि आत्ताच मारून आलेला. तुमच्याआधी तिसरा नेमबाज उभा राहिला की पट्ट्या दुसऱ्याकडे देऊन मॅगझिन तपासा आणि डोळे मिटून बेत मनात एकदा खेळा.

अपात्रता

पहिल्या मॅचचं एकच ध्येय असावं, शेवटच्या स्टेजपर्यंत मॅचमध्ये टिकणं. अपात्र ठरलात की आधीच्या स्टेजचे गुणही जातात आणि पिस्तूल बॅगेत जातं. कारणं ठरलेली: टार्गेटमागच्या बांधाबाहेर गेलेला किंवा तीन मीटरच्या आत जमिनीवर लागलेला बार, भरताना, रिकामं करताना किंवा मॅगझिन बदलताना सुटलेला बार, पिस्तूल हातातून पडणं, चालताना चापावर राहिलेलं बोट, नळी स्वतःच्या हातापायावर फिरवणं, आणि ९० अंशांची मर्यादा ओलांडणं, म्हणजे नळी समोरच्या बांधाच्या दिशेपासून त्याहून जास्त वळणं.

शेवटचं सगळ्यात फसवं. उजव्या हाताचा नेमबाज डावीकडे पळत मॅगझिन बदलतो तेव्हा पिस्तूल तिरपं होऊन नळी आपोआप पळण्याच्या दिशेला जाते आणि मर्यादा कधी ओलांडली ते त्याला कळतही नाही. डावऱ्याचं हेच उजवीकडे. अशा चालीत छाती पुढच्या बांधाकडे ठेवून आडवं चाला, किंवा आधी मॅगझिन बदला आणि मग पळा. सेकंदभर जाईल, जाऊ द्या. दार उघडायच्या स्टेजवर मोकळा हात नळीसमोरून जाणार नाही हे फिरून बघतानाच ठरवून ठेवा.

रिकामं पिस्तूल स्टेजबाहेर होल्स्टरमधून पडलं तर ते स्वतः उचलू नका. तसंच राहू द्या आणि रेंज ऑफिसरला हाक मारा, तो उचलून तपासेल. पडण्याने मॅच जात नाही, उचलण्याने जाते.

निकाल

समजा २० बारांची स्टेज, आठ कागदी आणि चार लोखंडी टार्गेट, कमाल १०० गुण. पहिल्या आलेल्याने दोन सीसह ९६ गुण १६ सेकंदांत घेतले: हिट फॅक्टर ६, आणि त्याला स्टेजचे पूर्ण १०० गुण मिळतात. बाकीच्यांना त्याच्या टक्केवारीने. एका नवख्याने सावकाश सगळे ए मारले, १०० गुण ३२ सेकंदांत: ३.१२५, म्हणजे ५२.०८. दुसऱ्याने घाई केली, पाच सी आणि एक मिस, ७५ गुण २४ सेकंदांत: तेही ३.१२५. आठ सेकंद वाचवून हाती काही आलं नाही. त्याच दुसऱ्याने त्या एका बाराला आणखी एक सेकंद दिला असता आणि मिसच्या जागी ए घेतला असता, तर ९० भागिले २५, हिट फॅक्टर ३.६ आणि ६० गुण. लाँग स्टेजचे कमाल गुण १६०, शॉर्टचे फार तर ६०, त्यामुळे एकूण क्रमवारी लाँगवर जास्त हलते.

शेवटच्या स्टेजनंतर तात्पुरता निकाल लागतो आणि हरकतीसाठी ठरावीक मुदत मिळते. आकडे आपल्या नोंदीशी जुळवून बघा. वेळेत दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडणं किंवा एक पॉपर जास्तीचा मिस धरला जाणं घडतं. लवाद समितीकडे जायचं असेल तर घटनेपासून एका तासाच्या आत लेखी अर्ज आणि शुल्क लागतं. बाजू मान्य झाली तर ते परत मिळतं. जेवणाआधी हात साबणाने धुवा, शिसं आणि बारुदाचा धूर दिवसभर अंगावर बसलेला असतो.

स्टेज उतरवायला थांबा. दोर गुंडाळताना अनुभवी नेमबाज जेवढं सांगतात तेवढं एरवी विचारूनही मिळत नाही. घरी गेल्यावर स्क्वॉडमधल्या कुणी काढलेला व्हिडिओ आवाजासह बघा आणि दोन बारांमधल्या ज्या अंतरात पिस्तूल चाललेलंच नाही तेवढे सेकंद मोजा: होल्स्टरमधून काढणं, चालणं, मॅगझिन, टार्गेट शोधणं. ३२ सेकंदांच्या स्टेजमध्ये हे सहज २० भरतात. कोणत्या रकान्यात सगळ्यात जास्त आहेत ते लिहून ठेवा आणि पुढचा महिनाभर कोरडा सराव फक्त त्याचाच करा.